मारकुट्या नवऱ्यांची शाळा

२०११ सालची गोष्ट. मी नुकताच हेडमास्तरच्या खुर्चीत बसलो होतो आणि त्या खुर्चीचा दिमाख अजून उतरला नव्हता. आठवीतली एक हुशार मुलगी आठवडाभर शाळेत नव्हती. शिपायाला घरी पाठवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आई आली. पदर पुढे ओढून घेतला होता, तरी गालावरचा काळानिळा डाग काही झाकला जात नव्हता. "न्हाणीत पाय घसरून पडले सर," ती म्हणाली. मुलगी मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करीत होती. पुढचे सगळे त्या मान खाली घालण्यातच आले.

मी नवऱ्याला बोलावून घेतले. आला. इस्त्रीचे कपडे, नम्र बोलणे, मार्केटात छोटासा धंदा, कानडी-मराठी दोन्ही अस्खलित. मी त्याला समजावले, संसार म्हणजे भांड्याला भांडे लागायचेच असे सांगितले, मुलीच्या दहावीचा हवाला दिला, चहा पाजला. "पुन्हा असं व्हायचं न्हाई सर," असे म्हणून त्याने हात जोडले. मी त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ही हकीकत जरा अभिमानानेच सांगितली. त्याच रात्री त्याने बायकोला पुन्हा मारले. घरातली गोष्ट शाळेपर्यंत का नेली, हे कारण. महिनाभरात मुलीचा दाखला काढून नेण्यात आला. माझ्या हातूनच त्यावर सही झाली.

इतिहास हा माझा एम.ए.चा विषय. ज्या गोष्टीत आपण तोंडघशी पडलो तिचा इतिहास धुंडाळायचा, ही माझी जुनी खोड आहे. मारकुट्या नवऱ्यांचे करायचे काय, हा प्रश्न जगात आणखी कोणाला पडला होता काय, आणि पडला असेल तर त्यांनी काय केले, हे मी त्यानंतर जमेल तसे वाचत गेलो. त्या वाचनात एक गाव सापडले. ते अमेरिकेत आहे, आपल्यापासून हजारो मैल दूर. पण तिथे घडलेली गोष्ट वाचताना मला माझी हेडमास्तरची खोली वारंवार दिसत राहिली, म्हणून ती वाचकांना सांगावीशी वाटते.

अमेरिका म्हटले की आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती असतात. एक तर तिथे बायका स्वतंत्र आहेत म्हणून असले काही होतच नाही; किंवा तिथे संसारच टिकत नाहीत. दोन्ही खऱ्या नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४१ सालीच आपल्या कायद्याच्या संहितेत लिहून ठेवले होते की, स्वसंरक्षणाचा प्रसंग सोडता नवऱ्याने बायकोला शारीरिक शिक्षा करता कामा नये. शिवाजीमहाराज तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते, एवढा तो काळ जुना. पण कायद्याच्या पोथीत लिहिलेले आणि उंबरठ्याच्या आत चाललेले यांत अंतर असतेच. १८७४ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या वरिष्ठ न्यायालयापुढे एक खटला आला. नवऱ्याला बायकोला मारण्याचा हक्क नाही, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले आणि त्या नवऱ्याची शिक्षाही कायम केली. मात्र त्याच निकालपत्रात पुढे असाही अभिप्राय दिला की कायमची इजा झाली नसेल, क्रौर्य नसेल, तर पडदा ओढून घ्यावा, लोकांची नजर आत जाऊ देऊ नये आणि दोघांना आपसात विसरू द्यावे. वाचकहो, या न्यायाधीशांना मराठी येत असते तर त्यांनी 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हेच लिहिले असते.

मधल्या काळात दुसऱ्या टोकाचाही प्रयोग झाला. मेरीलँड राज्याने १८८२ साली कायदा केला की बायकोला मारणाऱ्याला चाळीसपर्यंत फटके मारावेत किंवा वर्षभर तुरुंगात टाकावे. डेलावेअरने १९०१ साली आणि ऑरेगॉनने १९०५ साली तोच कित्ता गिरवला. ऑरेगॉनने तर सहा वर्षांतच हा कायदा रद्द केला. मारणे वाईट हे मारून शिकवायचे, यातली विसंगती आम्हा शिक्षकांना तरी सांगायला नको. आमच्या पिढीने छडी हातात धरलेली आहे.

त्यानंतर आले डॉक्टर. १९६४ साली अमेरिकेतील मानसोपचाराच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात तिघा डॉक्टरांचा लेख आला. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम येथे न्यायालयाला जोडलेल्या दवाखान्यात बायकोला मारल्याच्या तक्रारीवरून सदतीस पुरुष पाठवले गेले होते. त्यांपैकी बारा कुटुंबांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. आता लेखाचे नाव पाहा: 'बायकोला मारणाऱ्याची बायको'. नवरे मानसोपचाराला फारसे राजी नसत; बायका मात्र बोलायला तयार असत. मग डॉक्टरांनी बायकांचाच अभ्यास केला, आणि निष्कर्ष काढला की या बायका वरचढ, कर्तबगार, पुरुषी आणि थंड स्वभावाच्या आहेत. माराने त्यांची एक आंतरिक गरजही भागते! सापडत नाही तो चोर सोडून संन्याशाला सुळावर देण्याचा हा प्रकार. हे लिहिणारे कोणी अडाणी नव्हते, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. शिकलेल्या माणसाची चूक ही शिकलेल्या भाषेत असते, म्हणून ती जास्त दिवस टिकते.

पोलिसांचीही तऱ्हा तीच. न्यूयॉर्कमध्ये मॉर्टन बार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली हार्लेम भागातील एका ठाण्यातल्या अठरा शिपायांना कौटुंबिक भांडणे मिटवण्याचे खास शिक्षण दिले. हेतू चांगला होता. शिपायाने घरात जायचे, दोघांना वेगवेगळे बसवायचे, ऐकून घ्यायचे आणि समेट घडवायचा. हा प्रयोग गाजला आणि देशभर त्याचे अनुकरण झाले. परिणाम असा झाला की हाड मोडलेल्या बाईच्या घरीही पोलीस समेटासाठी जाऊ लागले. समेटाला दोन समान पक्ष लागतात. एकाच्या हातात काठी असताना जो होतो त्याला समेट म्हणत नाहीत, हे कळायला आणखी दहा वर्षे गेली. मी ते २०११ सालीही शिकलो नव्हतो, तेव्हा न्यूयॉर्कच्या पोलिसांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

सत्तरच्या दशकात बायकाच पुढे आल्या. लंडनमधल्या चिझिक येथे १९७१ साली एरिन पिझी यांनी सुरू केलेल्या घरात मार खाल्लेल्या स्त्रिया मुलाबाळांसह येऊन राहू लागल्या. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरात १९७४ साली असेच आश्रयगृह उघडले. पुढे गावोगावी अशी घरे झाली. मात्र ही घरे चालवणाऱ्या बायकांना लवकरच एक गोष्ट खटकू लागली. एक बाई येते, दोन महिने राहते, परत जाते. किंवा ती जात नाही आणि तो पुरुष दुसरी बाई आणतो. खाट तीच, फक्त तिच्यावरची बाई बदलते. उगम तर घरीच बसलेला आहे!

बोस्टनच्या आश्रयगृहातील कार्यकर्त्या बायकांनी आपल्या ओळखीच्या पुरुषांना विचारले, की आम्ही बायका सांभाळतो, तुम्ही तुमच्या पुरुषांचे काही बघणार की नाही? त्यातून १९७७ साली दहाएक पुरुषांनी एकत्र येऊन 'इमर्ज' नावाची संस्था काढली. बायकोला मारणाऱ्या पुरुषांसाठीचा अमेरिकेतील हा पहिला कार्यक्रम मानला जातो. पण तिथे येणारे पुरुष बहुतेक आपण होऊन येत, म्हणजे बायको घर सोडून गेली की येत; आणि ती परत आली की यांचे येणे बंद. आमच्याकडे परीक्षेच्या आधी पंधरा दिवस देवळात दिसणारी मुले असतात, तसेच.

आता त्या गावाकडे वळू. डुलूथ हे मिनेसोटातले बंदर, सुपीरिअर या अवाढव्य सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलेले. लोखंडाचे खनिज भरून जाणारी जहाजे, उचलला जाणारा पोलादी पूल, कडाक्याची थंडी. १९८० साली वस्ती नव्वद हजारांच्या थोडी वर. म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे मोठे गाव म्हणा. तिथे १९८० साली एलन पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रकल्प सुरू केला. पेन्स या मूळच्या मिनियापोलिसच्या, १९४८ साली जन्मलेल्या. या कामात त्या सत्तरच्या दशकातच पडल्या होत्या. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते. एका माणसाला सुधारायला एक माणूस पुरत नाही. गावातली सगळी खाती एकाच सुरात बोलली पाहिजेत. १९८१ साली पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, परिवीक्षा खाते, आश्रयगृह, मानसोपचार संस्था अशा एकूण नऊ खात्यांनी आणि संस्थांनी या कामासाठी आपापले नियम बदलायचे मान्य केले. आपल्याकडे दोन खात्यांना एका टेबलाशी बसवताना काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना नऊ या आकड्याची किंमत कळेल.

नियम असा झाला: मारहाणीचा पुरावा दिसला तर पोलिसाने बाईला 'तक्रार द्यायची का' असे नवऱ्यादेखत विचारत बसायचे नाही. अटक करायची. तो रात्र कोठडीत काढील. तेवढ्या वेळात आश्रयगृहातील कार्यकर्त्या बाईला जाऊन भेटतील. न्यायाधीश तुरुंगाची शिक्षा सुनावतील, पण ती स्थगित ठेवतील. अट एकच, त्या माणसाने दर आठवड्याला वर्गाला यायचे. गैरहजेरी वाढली की कळवले जाईल परिवीक्षा अधिकाऱ्याला, आणि स्थगित शिक्षा पुन्हा उभी राहील. थोडक्यात म्हणजे शाळा आणि हजेरीपट. फक्त पट घ्यायला मागे न्यायाधीश उभे.

या अटकेला योगायोगाने शास्त्राचाही आधार मिळाला. त्याच मिनेसोटातील मिनियापोलिस शहरात १९८१-८२ मध्ये लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क या संशोधकांनी एक धाडसी प्रयोग केला. पोलिसांना रंगीत कागदांच्या वह्या दिल्या. किरकोळ मारहाणीच्या प्रसंगी जो रंग वर येईल त्याप्रमाणे वागायचे: अटक, किंवा समजूत घालणे, किंवा नवऱ्याला आठ तासांसाठी घराबाहेर काढणे. ३१४ प्रकरणांचा हिशोब झाला. पुढील सहा महिन्यांच्या पोलीस दप्तरात, अटक केलेल्यांपैकी शेकडा १० जणांनी पुन्हा तेच केले, समजूत घातलेल्यांपैकी १९ जणांनी, आणि नुसते बाहेर घालवलेल्यांपैकी २४ जणांनी. १९८४ साली हे छापून आले आणि अमेरिकेत पोलिसांचे नियम धडाधड बदलू लागले. त्याच वर्षी कनेक्टिकटमधील टॉरिंग्टन गावच्या प्रकरणात केंद्रीय न्यायालयाने ठरवले की, नवऱ्याच्या मारापासून बाईचे रक्षण न करणारे पोलीस दाव्यास पात्र आहेत. पुढे ज्यूरीने त्या बाईला तेवीस लाख डॉलरची भरपाई दिली. नियम बदलायला शास्त्रापेक्षा तेवीस लाखांचा उपयोग जास्त झाला असावा, असे माझे आपले मत.

(पुढे हाच प्रयोग ओमाहा, शार्लट, मिलवॉकी वगैरे शहरांत करून पाहिला तेव्हा उत्तर इतके सरळ आले नाही. मिलवॉकीत तर असे दिसले की नोकरी असलेला माणूस अटकेने वरमतो, बेकार माणूस उलट चवताळतो. ज्याला गमवायला काही आहे तोच भितो.)

पण वर्गात शिकवायचे काय? इथे डुलूथच्या मंडळींनी जे केले ते मला शिक्षक म्हणून फार शिकण्यासारखे वाटते. त्यांनी अभ्यासक्रम पंडितांना विचारला नाही. १९८४ साली त्यांनी मार खाल्लेल्या बायकांच्या बैठका घेतल्या आणि त्यांना विचारले की तुमच्या नवऱ्यांना काय शिकवावे? बायका मारापेक्षा इतर गोष्टींबद्दलच जास्त बोलल्या. पैशाचा हिशोब मागणे, माहेरी जाऊ न देणे, मैत्रिणी तोडणे, चारचौघांत पाणउतारा, मुलांना हाताशी धरणे, नुसते डोळे वटारणे, 'मी कुठे मारले, तूच चिडवलेस' असे म्हणणे. या सगळ्यांचे मिळून एक चाक काढले गेले. मध्यभागी तुंबा, त्यावर 'सत्ता आणि ताबा' अशी अक्षरे. त्यातून निघालेले आठ आरे, हे रोजचे वागणे. आणि बाहेरची धाव म्हणजे शारीरिक व लैंगिक मारझोड. बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही उपमा समजावून द्यावी लागणार नाही. लोखंडी धाव वर्षातून दोनदाच जमिनीवर आपटली तरी चालते. आरे रोज फिरत असतात, आणि ती धाव आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. 'वर्षातून एखाद्याच वेळी हात उचलतो हो, बाकी सोन्यासारखा' असे सासू जेव्हा सांगते, तेव्हा तिला हे चाक दाखवावे.

वर्गाची पद्धत त्यांनी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांच्याकडून घेतली. फ्रेरे प्रौढ शेतमजुरांना अक्षरे शिकवताना व्याख्यान देत नसत, प्रश्न विचारत. डुलूथलाही तेच. पेन्स आणि मायकेल पेमार यांनी १९९३ साली हा अभ्यासक्रम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. आठ विषय, प्रत्येकाला तीन आठवडे. शिकवणारे दोघे, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. पहिल्या आठवड्यात एक छोटी चित्रफीत दाखवायची, एका घरातला प्रसंग. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःचा प्रसंग मांडायचा. त्यासाठी एक तक्ता असे: मी काय केले? त्यातून मला काय मिळवायचे होते? मी मनाशी काय गृहीत धरले होते? तिच्यावर, मुलांवर, माझ्यावर काय परिणाम झाला? मी ते कसे लहान करून सांगितले? तिसऱ्या आठवड्यात दुसरे चाक, समतेचे. त्यातले वागणे प्रत्यक्ष करून पाहायचे. बायकोला मात्र या वर्गात नवऱ्याशेजारी बसवायचे नाही, हा पक्का नियम. ती त्याच्या पुढ्यात खरे बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते.

आणखी एक नियम मला फार पटला. 'राग आवरायला शिकवतो' असे हे लोक म्हणत नसत. विचार करा. आपल्या ओळखीतला जो गृहस्थ घरी ताट भिरकावतो, तो कचेरीत साहेबाच्या अंगावर फाईल भिरकावतो काय? तिथे तो 'येस सर' म्हणून राग गिळतो आणि संध्याकाळी वड्याचे तेल वांग्यावर काढतो. म्हणजे राग आवरण्याची विद्या त्याला उत्तम येते. कुणावर काढायचा आणि कुणावर नाही याचा हिशोबही चोख असतो. दारूचेही तसेच, दारू सोडवण्याची व्यवस्था वेगळी लागते, ती जरूर करावी, पण दारू सुटली की हात आपोआप खाली येतो असे नाही. प्यायलेला माणूसही रस्त्यावरच्या पोलिसाला ओळखतो.

डुलूथचा हा नमुना अमेरिकेत पसरला. कॅलिफोर्नियाने १९९४ च्या कायद्याने अशा गुन्हेगारांना बावन्न आठवड्यांचा वर्ग सक्तीचा केला. त्याच साली स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. स्कॉटलंडमध्ये १९८९-९० च्या सुमारास न्यायालयाला जोडलेले दोन कार्यक्रम निघाले. नॉर्वेमध्ये ऑस्लो येथे १९८७ साली वेगळ्या वाटेने, मानसोपचाराच्या अंगाने आणि पुरुषांनी आपण होऊन यावे अशा धाटणीचे केंद्र सुरू झाले. २०११ च्या इस्तंबूल कराराने तर सह्या करणाऱ्या युरोपीय देशांवर असे कार्यक्रम चालवण्याची जबाबदारीच टाकली. ज्या शहराचे नाव त्या कराराला, त्या शहराचा देश तुर्कस्तान २०२१ साली त्यातून बाहेर पडला, हा इतिहासाचा एक खट्याळपणा.

आता प्रश्न निकालाचा. शाळा काढली, मुले बसली, पण पास किती झाली?

इथे हेडमास्तर म्हणून मला खोटे प्रगतिपुस्तक देता येणार नाही. फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात ४०४ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली गेली. अर्ध्यांना नुसती परिवीक्षा, अर्ध्यांना तिच्याबरोबर सव्वीस आठवड्यांचा वर्ग. वर्षभराने पाहिले तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. ज्यांना नोकरी होती, घर होते, ते कमी वेळा परत आले; मग वर्गाला गेलेले असोत वा नसोत. २००४ साली जुलिया बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी बावीस अभ्यासांची गोळाबेरीज केली. वर्गाला गेलेल्याच्या बायकोला पुन्हा मार बसण्याचा संभव फक्त पाच टक्क्यांनी कमी, एवढेच उत्तर आले. टीकाकारांनी 'पैसे पाण्यात' असा गजर केला. आयोवा राज्याने तर पुढे हा अभ्यासक्रम बदलून दुसराच, स्वतःच्या भावनांकडे पाहायला शिकवणारा, स्वीकारला.

एडवर्ड गॉन्डॉल्फ यांनी मात्र दुसऱ्या तऱ्हेने पाहिले. पिट्सबर्ग, डेन्व्हर, ह्यूस्टन आणि डलास या चार शहरांतील ८४० पुरुषांचा त्यांनी चार वर्षे माग ठेवला, आणि तो मुख्यतः बायकांना विचारून ठेवला. जवळजवळ निम्म्यांनी या काळात केव्हा ना केव्हा पुन्हा हात उचलला. पण बहुतेकांनी तो पहिल्या काही महिन्यांत उचलला. चौथे वर्ष उजाडले तेव्हा मागील वर्षात मार न बसलेल्या बायका शेकडा नव्वदच्या आसपास होत्या. पाचवा हिस्सा पुरुष मात्र असे होते, की त्यांच्यावर कशाचाच परिणाम नव्हता. ते पुनःपुन्हा मारतच राहिले. गॉन्डॉल्फ यांचे म्हणणे, वर्ग एकटा काही करीत नाही. अटक, त्वरित न्याय, हजेरीवरचा वचक, बाईला आधार, या साखळीत वर्ग असेल तरच तो चालतो. डुलूथचेही मूळ सांगणे हेच होते. पण नमुना पसरला तेव्हा लोकांनी चाकाचे चित्र उचलले आणि नऊ खाती डुलूथलाच ठेवली. चाक नेले, गाडी राहिली.

ब्रिटनमध्ये लिझ केली आणि निकोल वेस्टमारलँड यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पास-नापासाची कसोटीच बदलली. 'तुझ्या दृष्टीने सुधारणा म्हणजे काय?' असे त्यांनी बायकांना विचारले. मार थांबणे हे उत्तर होतेच, पण त्याबरोबर, घरात मोकळा श्वास घेता येणे, पोरांनी बापाची चाहूल लागताच गप्प न होणे, हेही होते. मारझोड खूपच घटली असे त्या बायकांनी सांगितले. हिशोब मागणे, पाळत ठेवणे, टोचून बोलणे हे मात्र त्या मानाने कमी घटले. धाव निखळली, आरे शिल्लक राहिले.

एलन पेन्स यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. नव्वदच्या दशकाअखेर त्यांनीच एका लेखात कबूल केले की आमच्या वर्गातले अनेक पुरुष 'मला सत्ता हवी होती' असे कधी म्हणालेच नाहीत. आम्हाला जे सापडायला हवे होते तेच आम्ही त्यांच्यात पाहत राहिलो. वीस वर्षे ज्यावर उभे राहिलो त्या पायाची वीट स्वतःच काढून बघायची, याला धैर्य लागते. काम त्यांनी सोडले नाही. २०१२ च्या जानेवारीत त्या वारल्या. २०१४ साली डुलूथच्या प्रयोगाला आंतरराष्ट्रीय 'भावी धोरण' पुरस्काराचे सुवर्णपदक मिळाले, ते पाहायला त्या नव्हत्या.

आपल्याकडे काय? मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तांच्या कचेरीतच स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला. डुलूथमधल्या बायका चाक आखीत होत्या ते हेच वर्ष. १९९१ साली मुंबईतल्या एका पत्रकाराने वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली, की बायकोला मारणे चूक आहे असे मानणारे पुरुष हवे आहेत. दोनशेंहून अधिक पुरुषांनी उत्तर दिले. त्यातून १९९३ साली 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली, आणि तिने 'पुरुष स्पंदनं' नावाचा दिवाळी अंकही काढला. दिवाळी अंकांच्या वाचकांना ही नोंद आवडावी.

आणि आपला सीमाभाग? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात शेकडा २९, महाराष्ट्रात २५, आणि कर्नाटकात ४४, म्हणजे देशात सर्वांत वर. हा आकडा पाहून 'बघा, तिकडे' असे बोट दाखवण्याचा मोह कोणाला होईल, म्हणून सांगतो, त्या ४४ मध्ये आपली मराठी घरेही मोजलेली आहेत. आम्ही पाट्यांच्या भाषेवरून इतकी वर्षे भांडलो, पण भिंतीपलीकडून जो आवाज येतो तो कानडीत आहे की मराठीत हे ओळखू येत नाही.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याच्या चौदाव्या कलमाने न्यायदंडाधिकाऱ्याला नवऱ्याला समुपदेशनाला पाठवण्याचा अधिकार दिला. डुलूथसारखा सहा महिन्यांचा वर्ग त्यात नाही. हजेरीपट कोणी ठेवायचा याचीही घडी बसलेली नाही. पण त्या कायद्याच्या नियमांत, तोही योगायोगाने चौदावाच नियम, एक वाक्य असे आहे की मी ते वाचून पुस्तक मिटून ठेवले. समुपदेशनात प्रतिवादीला आपल्या हिंसेचे समर्थन मांडू दिले जाणार नाही, आणि हे त्याला आधीच सांगण्यात यावे.

मी त्याला चहा पाजला तेव्हा हा नियम होऊन पाच वर्षे झाली होती. माझ्या खोलीत तेव्हा पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसला होता, दुसरीवर आमचे एक ज्येष्ठ सहकारी. "काय झालं हो नेमकं?" हा माझा पहिला प्रश्न त्याला होता. त्यावर तो चाळीस मिनिटे बोलला; ती कशी उलटून बोलते, भाकरी कशी करपते, माहेरचा फोन कसा तासभर चालतो. मी मान हलवत होतो. ती दाराशी उभी होती. निघताना मी त्याच्यादेखतच तिला विचारले, "आता काही तक्रार नाही ना?" आणि तिने नाही म्हणून सांगितले.